पितरांसाठी काय करावं, किती करावं

वडील गेले त्या दिवसाची तिथी कुणी लिहून ठेवलेली नाही. मुलगा सुरतेला मिलमध्ये आहे, पंधरवड्यात रजा मिळेल याची खात्री नाही. कुठे घरात मुलगाच नाही, दोघी मुली आहेत आणि दोघी सासरी. कुठे कुणी पत्रिका बघून सांगून गेलंय की घरावर पितृदोष आहे, त्र्यंबकेश्वरला मोठा विधी केल्याशिवाय सुटका नाही, आणि त्या खर्चासाठी बैलजोडी विकण्याचं घाटतंय. भाद्रपदातला पितरपाटा जवळ आला की चिंचपाड्यासारख्या गावात हे प्रश्न निघतात आणि उत्तरं मिळतात ती बहुतेक वेळा घाबरवणारी. खरं पाहता शास्त्राने आणि लोकरीतीनेही यातल्या प्रत्येक अडचणीला वाट ठेवली आहे, आणि ती वाट रोजंदारीवर जगणाऱ्यालाही झेपेल अशी आहे.

चिंचपाडा नवापूर तालुक्यातलं, सुरत-जळगाव रेल्वेवरचं गाव. मावची, भिल्ल, कोकणी अशा आदिवासी घरांचा हा सगळा मुलूख, त्यात बाकीच्या खान्देशातून आणि गुजरातेतून आलेली शेतकरी-व्यापारी घरंही आहेत. मिशनच्या दवाखान्यामुळे गावाचं नाव दूरवर माहीत आहे आणि ख्रिस्ती कुटुंबंही इथे राहतात. त्यामुळे गेलेल्या माणसांना मान देण्याची एकच एक रीत इथे नाही. कुणी पिंड देतो, कुणी घागर भरतो, कुणी शेताच्या कडेला दगड उभा करतो, तर कुणी २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतो. पोथीतली रीत खरी आणि बाकीच्या कमी प्रतीच्या, असं समजण्याचं कारण नाही. आपल्या घरात जी चालत आली ती नीट समजून करावी, एवढंच बघायचं.

आधी पोथीतल्या विधीविषयी. श्राद्ध लांबलचक दिसतं, पण त्याचा गाभा थोडका आहे. गेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याच्या नावाने तीळ घातलेलं पाणी सोडायचं आणि आपण जेवण्याआधी त्याचा घास बाजूला काढायचा. बाकी जे आहे ते या तीन गोष्टींभोवती आहे. देवाच्या पूजेत जे सरळ, ते इथे उलट होतं. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर येतं, तोंड दक्षिणेला होतं, पाणी बोटांच्या टोकांवरून न सोडता अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात. देवाचं सकाळी करतात, पितरांचं दुपारी. दिवसाचा आठवा मुहूर्त, ज्याला कुतप म्हणतात, तो साधारण मध्यान्हीला येतो आणि तिथून पुढचा वेळ पितरांचा. हे उलटेपण अशुभ म्हणून नाही. आज घरी आलेला पाहुणा वेगळा आहे, याची आठवण हातांना आणि डोळ्यांना राहावी म्हणून ते आहे.

पिंड तीन असतात: बाप, आजा आणि पणजा. यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य या देवतांच्या रूपात पाहतात. जवळचा माणूस एकेक पिढीने दूर जात शेवटी सूर्याच्या रूपात जातो, अशी ही कल्पना आहे. शोक एकदम सुटत नाही, तो पिढीपिढीने हलका होतो, हे ज्यांनी ही मांडणी केली त्यांना चांगलं ठाऊक असावं. पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटलेला भात दर्भावर पुसतात, तो पणजाच्याही आधीच्या तीन पिढ्यांसाठी असतो. पितृपक्षातलं महालय श्राद्ध तर याहून रुंद आहे. त्यात आजोळची माणसं येतात, सासू-सासरे, भाऊ-बहीण, आत्या-मावशी येतात, गुरू आणि मित्रही येतात. तर्पणात ज्यांचं पाठीमागे कुणीच उरलेलं नाही अशांसाठीही एक ओंजळ आहे. गुरुजी घाईत ही ओंजळ उरकत असतील तर त्यांना थांबवून अर्थ विचारा. करणाऱ्याला न कळता झालेल्या श्राद्धात मला तरी फार थोडं उरतं असं वाटतं.

आता ऐपतीचा प्रश्न. याचं उत्तर विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात इतकं स्पष्ट आहे की ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. जेवण घालण्याची ऐपत नसेल तर कोरडा शिधा द्यावा. तेही नसेल तर मूठभर तीळ द्यावेत किंवा तीळ घातलेलं ओंजळभर पाणी सोडावं. नाहीतर गाईला एक दिवसाचा चारा घालावा. आणि एवढंही जमत नसेल त्याने रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि माझ्यापाशी काही नाही, माझ्या भक्तीने तृप्त व्हा, असं पितरांना सांगावं. तेवढ्याने श्राद्ध झालं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात श्राद्धाचा फार विस्ताराने विचार केला आहे. ज्याला खोलात जायचं आहे त्याने तो वाचावा. कर्ज काढून केलेल्या श्राद्धाने पितर जास्त तृप्त होतात असं मानायला मात्र जागा नाही.

कुणाला जेवू घालायचं, हाही प्रश्न येतो. पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने थबकलेलं भुकेलं अस्पृश्य कुटुंब दाराशी दिसलं आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांनी जेवायला यायचं नाकारलं, तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले, असं कथा सांगते. तुमच्या गावात हात चालत नाहीत असे म्हातारे असतील, तर पितर म्हणून त्यांना बोलवा. दवाखान्याच्या आवारात रुग्णाबरोबर आलेले दूरच्या पाड्यांवरचे नातेवाईक असतात, त्यांच्या जेवणाची आबाळ होते. दवाखान्यात आधी विचारून त्यांना ताजं, झाकलेलं अन्न देता येईल. एक माणूस पोटभर जेवला तरी पुरे. पन्नास पानं उठवण्याची सक्ती शास्त्राची नाही, भाऊबंदांची असते.

तिथी हुकली तर

नियम साधा आहे. माणूस ज्या तिथीला गेला, पितृपक्षात त्याच तिथीला त्याचं श्राद्ध. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, तिथी नसते. त्या वर्षाचं पंचांग काढून तारखेवरून तिथी पाहावी, आणि मृत्यूची वेळ ठाऊक असेल तर तीही सांगावी, कारण तिथी दुपारीच बदलते असंही होतं. नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची, तिला अविधवा नवमी म्हणतात. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात, संन्याशांचं द्वादशीला. तिथीच माहीत नसेल तर अमावास्या आहे. सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांचं एकत्र चालतं, आणि करोनाच्या दोन वर्षांत ज्यांच्या घरची माणसं परगावच्या दवाखान्यात गेली, ज्यांना शेवटचं पाणीही पाजता आलं नाही, त्यांनीही मनात अढी न ठेवता हा दिवस धरावा.

रजेची अडचण असणाऱ्यांसाठी आणखी एक सवलत आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. पितृपक्षात महालय झालं नाही तर सूर्य वृश्चिक राशीत जाईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, ते करता येतं. या मुदतीत दिवाळी येते. सुरत, बारडोलीकडे कामाला असलेली माणसं दिवाळीला घरी येतातच. ऊसतोडीच्या टोळ्याही बहुतेक दिवाळी करूनच निघतात. आश्विनी अमावास्येला दुपारी पितरांचं आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, असा क्रम जुनाच आहे. दिवाळीत दिवट्या दाखवतात त्याही परत निघालेल्या पितरांना वाट दिसावी म्हणून, असं शास्त्रकार सांगतात.

कावळ्याबद्दलही लोक फार घाबरतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर तासन् तास उन्हात उभं राहायचं आणि मग मृताची कुठली इच्छा राहिली यावर भावाभावांत भांडण सुरू. कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याची रीत आहे. ती वापरा. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना नदीकाठी ताटकळत ठेवू नका.

आखाजीची घागर

खान्देशात पितरांचा मोठा दिवस पितृपक्षातला नाही, तो वैशाखातला आहे. अक्षय्य तृतीयेला आपण आखाजी म्हणतो. कुंभाराकडून नवी घागर आणायची, कुणी तिला डेरगं म्हणतं. तिच्यात पाणी भरायचं, वर डांगर आणि आंबे ठेवायचे, पूजा करायची. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, कुरडया असं ताट करायचं आणि निखाऱ्यावर तूप सोडून घास टाकायचा, ती आगारी. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल त्या घरी या दिवसाला जास्त मान. इथे संस्कृत येत नसलं तरी अडत नाही. घरची बाई घागर भरते, नाव घेते, आगारी टाकते.

वैशाखातच का, हे चिंचपाड्याच्या उन्हात उभं राहिलं की कळतं. विहिरी तळाला गेलेल्या, नाले कोरडे. ज्या महिन्यात पाण्याला सर्वांत जास्त किंमत, त्या महिन्यात गेलेल्या माणसाला पाणी द्यायचं. जुन्या रीतीत अशी पाण्याने भरलेली घागर दान द्यायची असते; ती जिवंत माणसाच्या तोंडी लागावी हाच त्यातला हेतू. म्हणून घागर पूजेनंतर कोपऱ्यात ठेवून देऊ नका. एखाद्या म्हातारीच्या झोपडीत द्या, नाहीतर बसथांब्याजवळ, बाजाराच्या वाटेवर ठेवून दोन महिने रोज भरा. शेतमजूर सालदाराचं नवं साल आखाजीलाच सुरू होतं. त्याच्या हाती पितरांच्या नावाने घागर आणि धान्य दिलं तर दानाला योग्य माणूस मिळाला असं मी म्हणेन.

याच दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितर आणि लेकी एकाच दिवशी घरी येतात, हे मला आखाजीतलं सर्वांत सुंदर वाटतं. लेक माहेरी आहेच, तर आई-बापाच्या नावाची घागर तिनेच भरावी.

मुलींचा प्रश्न इथेच घेऊ. मुलगा नसेल तर श्राद्ध अडतं ही समजूत सोडून द्यायला हवी. गयेला फल्गू नदीच्या काठी दशरथाला सीतेने वाळूचा पिंड दिला आणि तो त्याने स्वीकारला, ही कथा परंपरेनेच जपली आहे. मग आज मुलीने दिलेला पिंड का चालू नये? पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, मराठीत अर्थ सांगत विधी करण्याची पद्धत रूढ केली. त्याच्याही कितीतरी आधी, १८७३ साली स्थापन झालेल्या महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय घरच्या माणसांनी विधी करण्याचा मार्ग दाखवला होता. गुरुजी हवेत की नकोत, हे घराने ठरवावं. पण मुलीला मागे उभं करून लांबच्या चुलतभावाच्या हातून पाणी सोडायला लावणं, तेही तिच्या डोळ्यांदेखत, हे मला कुठल्याच आधारावर योग्य वाटत नाही.

दगड आणि धार

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागातल्या आदिवासी समाजांची रीत पिंडाची नाही. नवं धान्य हाती आलं की ते देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नाही. पिण्याआधी मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडून गेलेल्यांची नावं घेतात. मोठ्या माणसाच्या आठवणीचा दगड किंवा लाकडी खांब उभा करतात. सीमेपलीकडच्या गामीत, चौधरी समाजात पूर्वजांना खत्री म्हणतात. नवापूरला आपल्या रेल्वे स्थानकातूनच राज्याची सीमा जाते, तेव्हा या रीतींना राज्याची हद्द नाही हे वेगळं सांगायला नको. नाव, पेय, घास इथेही तेच आहे. शिकलेल्या तरुणांना कधीकधी आजोबांची धार सोडण्याची लाज वाटते आणि ते शहरातून छापील पोथी घेऊन येतात. पोथी जरूर वाचा, पण घरची रीत टाकू नका. ती शिकवणारे जाणते आता थोडे उरले आहेत. त्यांच्याजवळ बसून क्रम विचारून घ्या, मोबाइलवर आवाज साठवून ठेवा.

एक दुखणं मात्र इथलं खास आहे. तापीवर उकाईचं धरण झालं, त्याचं पाणी नवापूर तालुक्यापर्यंत आलं. पुढे सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली मणिबेलीसह ३३ गावं बाधित झाली. घरं आणि शेतं यांचा हिशेब सरकारी कागदावर तरी झाला, पूर्वजांचे दगड कुठल्या रकान्यात बसणार होते? तळोदा-शहाद्याकडे वसवलेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न अजून आहे. ज्यांच्या गावचं स्थान पाण्याखाली गेलं त्यांनी पूर्वज तिथेच अडकले असं मनाला लावून घेऊ नये. गावच्या पुजाऱ्याला आणि भाऊबंदांना एकत्र बसवा, जुन्या काठावरची मूठभर माती मिळाली तर आणा, आणि नव्या शिवारात दगड नव्याने मांडा. स्थान माणसांनी केलं होतं, ते माणसांना पुन्हा करता येतं. पिंड देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं की काशी-गया घडली नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.

प्रकाशा, आणि भीतीचा व्यापार

आपल्या जिल्ह्याचं तीर्थ प्रकाशा. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर आहे, त्याला दक्षिण काशी म्हणतात, केदारेश्वर आणि संगमेश्वराची मंदिरं आहेत. १९५४-५५ साली तिथे उत्खनन झालं तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जास्त काळ या काठावर माणसं राहत आली आहेत. अस्थी घेऊन नाशिकला किंवा सिद्धपूरला जायची ऐपत नसेल तर प्रकाशाला जा. आता तिथे तापीवर बॅरेज आहे, पाणी पूर्वीसारखं वाहून जात नाही. म्हणून अस्थी मोजक्याच न्या, प्लास्टिकची पिशवी, कपडे, गादी, तसबीर पाण्यात टाकू नका. उरलेली राख शेताच्या बांधावर खड्डा करून पुरा आणि वर आंबा, मोह किंवा चिंच लावा. खान्देशात कितीतरी घरांनी हे सुरू केलं आहे.

आता पितृदोष. त्र्यंबकेश्वरला होणारे नारायण नागबळी, त्रिपिंडी हे विधी विशिष्ट कारणांसाठी आहेत. अपमृत्यू, सापाची हत्या, वर्षानुवर्षं न झालेलं श्राद्ध, ही ती कारणं. ज्यांना मनापासून करायचे आहेत त्यांनी करावेत. पण श्राद्धाचा आधार पत्रिका नाही. धंदा बसला, लग्न जमत नाही, म्हणून पितर रागावले असं कुणी सांगितलं तर त्याला एक रुपयाही देऊ नका. तुमचा आजा जिवंत असताना नातवाचं वाईट चिंतत होता का? मग मेल्यावर का चिंतेल?

यात सर्वांत घातक गोष्ट आजारपणाची आहे. लेकराचे हातपाय सुजतात, सांधे ठणकतात, पुन्हा पुन्हा कावीळ दिसते, रक्त कमी होतं, आणि घरात म्हणतात की पूर्वजांचं काही राहिलंय. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आजार बराच आढळतो. तो पूर्वजांकडूनच येतो हे खरं, पण रक्तातून. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात होते. धार सोडायची ती सोडा, पण लेकरू आधी दवाखान्यात न्या, आणि लग्न ठरवताना दोन्हीकडची तपासणी करून घ्या.

नावांची वही

श्राद्धाला बसल्यावर बहुतेक घरांत गाडी अडते ती पणजीच्या नावाशी. पणजोबांचं नाव सातबाऱ्यामुळे तरी आठवतं, पणजीचं कुणालाच माहीत नसतं. तेव्हा पितृपक्षाची तयारी गिलकी-गंगाफळापासून न करता नावांपासून करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, नावं आणि आजोळची गावं तिलाच ठाऊक असतात. तलाठी कार्यालयात जुने फेरफार मिळतात. तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, असेल तर त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. शाळेचं जुनं दाखल-खारज रजिस्टर आहे. जात पडताळणीसाठी हे कागद अनेक घरांनी एकदा गोळा केलेले असतातच, ते पेटीतून काढा. घरातलं कुणी पूर्वी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत तुमच्या गावाच्या पानावर आजा-पणजाची सही किंवा नाव सापडू शकतं.

शंभर पानी एक वही घ्या. प्रत्येकाचं नाव, आईचं नाव, गाव, गेल्याची तारीख, तिथी, आणि कशाने गेला हे लिहा. सिकलसेल, साखर, रक्तदाब असं काही असेल तर तेही लिहा, पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स शेजारच्या पानाला चिकटवा. वहीच्या दोन प्रती करा, एक गावी राहू द्या आणि दुसरी सुरतेला असलेल्याकडे द्या.